डीएमसी एएफ८ क्रिंपर : सही करणाऱ्या अभियंत्याचे परीक्षण

अमेरिकेतल्या ऑरलँडो येथील डॅनियल्स मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशन या कंपनीला हँगरमध्ये सगळे नुसते डीएमसी म्हणतात. तिचा ‘एएफ८’ हा निळ्या मुठींचा क्रिंपर, म्हणजे तारेच्या टोकावर धातूची पिन दाबून घट्ट बसवणारे हातहत्यार, विमानाच्या वायरिंगचे काम जिथे चालते तिथे बहुधा दिसतोच. अमेरिकी लष्करी मानकात त्याचा क्रमांक एम२२५२०/१-०१ असा आहे आणि विमानांच्या वायरिंग मॅन्युअलमध्ये पिनांच्या तक्त्यांत हाच क्रमांक जागोजागी भेटतो. या हत्याराबद्दल जे काही लिहिले जाते ते सहसा ते रोज हातात धरणाऱ्या तंत्रज्ञांच्या किंवा ते विकणाऱ्यांच्या बाजूने असते. माझी बाजू तिसरी आहे. विमानात केलेल्या विद्युत बदलांची, म्हणजे मॉडिफिकेशनची, नियमांशी पडताळणी करून त्यांवर सही करणे हे माझे काम. क्रिंपर मी स्वतः क्वचितच दाबतो. पण ज्या कागदावर माझी सही असते त्याचा खरेपणा कोणीतरी दाबलेल्या क्रिंपरवर टेकलेला असतो, आणि म्हणूनच या हत्याराकडे मी गिऱ्हाइकापेक्षा साक्षीदार तपासणाऱ्याच्या नजरेने अधिक पाहतो.

हे काम नेमके काय असते ते थोडे सांगायला हवे, नाहीतर एका हातहत्यारासाठी इतके शब्द का खर्च करावेत हे कळणार नाही. एखाद्या विमान कंपनीला जुन्या विमानात प्रत्येक आसनापाशी यूएसबी चार्जिंग द्यायचे असते, कोणाला पाठीवर उपग्रहाशी जोडणारा अँटेना बसवायचा असतो, तर कोणाला छोट्या विमानाची हवाई रुग्णवाहिका करून तिच्यात व्हेंटिलेटरसाठी वीज काढायची असते. मूळ निर्मात्याने मिळवलेल्या प्रमाणपत्रात हे बदल नसतात. म्हणून मोठ्या बदलांसाठी पूरक प्रमाणपत्र, म्हणजे एसटीसी, घ्यावे लागते आणि भारतात त्याची वाट डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या सीएआर-२१ या नियमावलीतून जाते. त्यातला विद्युत भाग वरिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर येतो. वाढलेला भार जनरेटरला पेलतो का आणि विमान आपत्कालीन विजेवर आले तर तो आपोआप सुटतो का, हे दाखवणारे भार-विश्लेषण त्यात असते. नव्या यंत्रणेच्या बिघाडाचे परिणाम कुठवर पोहोचतात याचा अभ्यास असतो, आणि विमान गमावले जाईल असा बिघाड संभवत असेल तर त्याची शक्यता दर उड्डाणतासाला एक अब्जांशाच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे, हे सिद्ध करावे लागते. उपकरणाने डीओ-१६० या मानकाच्या चाचण्या, म्हणजे पुरवठ्यातील चढउतार, रेडिओ लहरींचा मारा, वीज कोसळल्यावर तारांत उमटणारे झटके, सोसल्याचे पुरावे असतात. आणि शेवटी तारांचा स्वतःचा हिशोब असतो.

हा शेवटचा हिशोब पूर्वी इतक्या काटेकोरपणे वेगळा मागितला जात नसे. १७ जुलै १९९६ रोजी टीडब्ल्यूए ८०० हे बोइंग ७४७ न्यूयॉर्कजवळ मध्यवर्ती इंधन टाकीच्या स्फोटाने कोसळले आणि २३० जण गेले; ठिणगी कुठून आली हे निश्चित ठरले नाही, पण टाकीबाहेरच्या तारांतील शॉर्ट सर्किट हे तपासात सर्वाधिक संभवनीय कारण मानले गेले. दोन वर्षांनी, २ सप्टेंबर १९९८ रोजी, न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेले स्विसएअर १११ हे एमडी-११ विमान कॉकपिटच्या छतामागे लागलेल्या आगीमुळे कॅनडातील पेगीज कोव्हजवळ समुद्रात पडले आणि २२९ जणांचा मृत्यू झाला. माझ्या व्यवसायातल्या माणसाने या दुसऱ्या अपघाताचा २००३ मधील कॅनडाचा तपास-अहवाल वाचलेला असावा, असे मला मनापासून वाटते. त्या विमानात प्रवाशांच्या करमणुकीची यंत्रणा मागाहून, एसटीसीखाली, बसवलेली होती. तिचा वीजपुरवठा केबिनच्या बसवरून, म्हणजे केबिनला वीज वाटणाऱ्या वाहिनीवरून, न घेता दुसऱ्या मुख्य एसी बसवरून घेतला होता. त्यामुळे धूर दिसल्यावर वैमानिक केबिनची वीज तोडणारा जो स्विच वापरतात, त्याने ती यंत्रणा बंद होत नव्हती. आगीच्या उगमाशी या यंत्रणेच्या एका तारेवरील आर्किंगचा, म्हणजे ठिणग्या उडण्याचा, संबंध असावा, मात्र पहिली ठिणगी तिचीच होती असे ठामपणे म्हणता येत नाही, असा तपासकर्त्यांचा निष्कर्ष होता. आगीला खाद्य मिळाले ते भिंतीमागच्या, सहज पेट घेणाऱ्या उष्णतारोधक पडद्यांचे.

या दोन अपघातांनंतर जी चर्चा चालली, तिच्यातून २००७ साली अमेरिकेच्या नियमावलीत मोठ्या विमानांसाठी एक नवे प्रकरण आले. भाग २५ मधले हे उपप्रकरण एच, कलम २५.१७०१ ते २५.१७३३, युरोपच्या नियमांतही त्याचे जुळे भावंड आहे. तारा ही इतर यंत्रणांची शेपटे नसून ती स्वतःच एक यंत्रणा आहे, असे या प्रकरणाने ठरवले आणि तिला ईडब्ल्यूआयएस (इलेक्ट्रिकल वायरिंग इंटरकनेक्शन सिस्टम) हे नाव दिले. पहिल्याच कलमात या यंत्रणेत काय काय येते याची लांबलचक यादी आहे : तारा, बसबार, कनेक्टर, त्यांची उपांगे, जोड, अर्थिंगच्या पट्ट्या, क्लँप, केबल टाय, आवरणे, नळ्या, अगदी तारेवरची लेबलेसुद्धा. त्या यादीत क्रिंपर नाही, आणि तो नसणे योग्यच आहे, कारण तो विमानातून उडत नाही. पण माझ्या ड्रॉइंगवर ‘मॅन्युअलच्या विसाव्या प्रकरणाप्रमाणे कॉन्टॅक्ट (म्हणजे पिना) क्रिंप करावेत’ अशी जी एक ओळ असते, त्या ओळीचे विमानात रूपांतर करणारा एकमेव दुवा म्हणजे हे हत्यार. विश्लेषणात मी प्रत्येक जोड निर्दोष धरतो. तो खरोखर निर्दोष आहे की नाही हे ठरते ते हँगरमध्ये, पंख्याखाली, रात्रपाळीला.

सदोष क्रिंप किती फसवा असतो हे एका छोट्या गणिताने दाखवता येते. समजा, आसनाखालच्या एका पेटीला ५ अँपिअर प्रवाह जातो आणि पिनेतला जोड सैल राहिल्याने तिथे ०.१ ओहम इतका रोध तयार झाला. पाचाचा वर्ग पंचवीस, गुणिले ०.१, म्हणजे अडीच वॅट उष्णता तांदळाच्या दाण्याएवढ्या धातूत सतत तयार होत राहते. विद्युतदाब फक्त अर्ध्या व्होल्टने घटतो, त्यामुळे उपकरण व्यवस्थित चालते. सर्किट ब्रेकर पडत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. उलट वाढलेल्या रोधामुळे तो किंचित कमीच होईल. जमिनीवरची कार्यचाचणी उत्तीर्ण होते, उड्डाणचाचणी उत्तीर्ण होते, सगळे कागद स्वच्छ असतात, आणि कनेक्टरच्या आत प्लास्टिक हळूहळू तपकिरी होत जाते. ब्रेकर तारेचे रक्षण करतो, जोडाचे करत नाही, हे आम्ही नव्या अभियंत्यांना पहिल्या महिन्यातच सांगतो. ते खरोखर उमजायला मात्र एखादा जळका कनेक्टर हातात घ्यावा लागतो.

आता हत्याराकडे वळू. एएफ८ हा १२ ते २६ गेजच्या तारांसाठी आहे (गेजचा अंक जितका मोठा, तितकी तार बारीक) आणि तो पिनेच्या पोकळ नळीवर चार बाजूंनी चार इंडेंटर, म्हणजे खाच पाडणारे दाते, दाबतो. प्रत्येक इंडेंटरला दोन टोके असल्याने नळीवर एकूण आठ खुणा उमटतात. विमानात सोल्डरपेक्षा क्रिंप का वापरतात हा प्रश्न मला इलेक्ट्रॉनिक्सच्या पार्श्वभूमीचे लोक नेहमी विचारतात. सोल्डर तारेच्या बारीक स्ट्रँडमध्ये वर चढते, तेवढा भाग कडक होतो, आणि कंपनाने तार नेमकी त्या कडक भागाच्या कडेला तुटते. नीट दाबलेल्या क्रिंपमध्ये एकोणीस स्ट्रँड आणि भोवतालची नळी इतकी एकजीव होतात की मध्ये हवेला जागा राहत नाही, त्यामुळे आत गंज धरत नाही, आणि तारेची लवचीकता नळीच्या तोंडापर्यंत कायम राहते. मात्र दाब किती हे महत्त्वाचे. कमी दाबले तर तार ओढल्यावर निसटते. जास्त दाबले तर विद्युत वहन चांगलेच राहते, पण स्ट्रँड चिरडून जोडाची ओढ सोसण्याची ताकद घटते. वहन आणि ताकद यांच्या वक्ररेषा जिथे एकमेकींशी तडजोड करतात ती जागा फार अरुंद असते आणि मनगटाच्या अंदाजाने ती सापडत नाही.

या हत्याराचा सर्वांत मोठा गुण इथेच आहे : ते मनगटाला मत देत नाही. आतला रॅचेट असा आहे की एकदा दाबायला सुरुवात केली की पूर्ण टोकापर्यंत गेल्याशिवाय मुठी उघडत नाहीत. अर्धवट दाबून सोडलेला क्रिंप त्यामुळे शक्यच नसतो. दाबाची खोली ठरवतो तो वरचा सिलेक्टर. त्यावर १ ते ८ अंक आहेत आणि खिळ काढून, गोल बटण उचलून, हवा तो अंक रेषेसमोर आणून पुन्हा खिळ घालायची असते. थकलेला माणूस, नवखा माणूस, रागावलेला माणूस, तिघांच्या हातून एकाच खोलीच्या आठ खुणा उमटतात. प्रमाणन करणाऱ्याला याहून मोठे आश्वासन कोणते हवे? आसनांच्या चार्जिंगसारख्या कामात असे शेकडो क्रिंप असतात, आणि त्यांतले मूठभरच नमुने ओढून तपासता येतात. उरलेल्या सगळ्यांबद्दल माझा विश्वास या रॅचेटवर असतो.

मात्र हत्याराने माणसाचे निर्णय कमी केले आहेत, संपवलेले नाहीत. दोन निर्णय उरतात, आणि माझ्या पाहण्यातल्या जवळजवळ सगळ्या तक्रारी त्या दोनांतूनच निघालेल्या असतात. पहिला निर्णय सिलेक्टरच्या अंकाचा. दुसरा टरेट हेडचा, म्हणजे हत्याराच्या मागे दोन स्क्रूंनी बसणाऱ्या त्या गोल भागाचा, जो पिन किती आत जाऊन थांबेल हे ठरवतो. टरेटवर एक छोटी माहितीपट्टी असते. पिनेचा आकार, त्यासाठी टरेटचा कोणता रंग पुढे आणायचा, आणि तारेच्या कोणत्या गेजला कोणता अंक लावायचा, हे सगळे तिच्यावर कोरलेले असते. एम२२५२०/१-०२ या नेहमीच्या टरेटवर २० आकाराच्या पिनेला लाल, १६ ला निळा आणि १२ ला पिवळा असे रंग आहेत. त्याच २० आकाराच्या पिनेत २० गेजची तार असेल तर सिलेक्टर ४ वर, २२ ची असेल तर ३ वर, २४ ची असेल तर २ वर. या रचनेचे मला फार कौतुक वाटते, कारण माहिती दूरच्या कपाटातल्या मॅन्युअलमध्ये न ठेवता ती हत्याराच्या अंगावरच लिहिलेली आहे.

कौतुकाबरोबर तक्रारही नोंदवतो. ही पट्टी अतिशय बारीक अक्षरांची आहे. पंचेचाळिशी ओलांडलेल्या तंत्रज्ञाला, आणि भारतातले अनुभवी वायरिंगवाले बहुतेक या वयाच्या पलीकडचेच असतात, ती भिंगाशिवाय वाचता येत नाही. काही वर्षांच्या वापराने अक्षरे घासली जातात आणि मग माणूस पट्टी वाचण्याऐवजी आठवणीवर चालू लागतो. दुसरे म्हणजे, १-०२ आणि १-०४ हे दोन टरेट दिसायला जवळजवळ सारखे आहेत. पहिला जुन्या धाटणीच्या काही कनेक्टरांच्या पिनांसाठी आणि दुसरा आजच्या विमानांत सर्वत्र असणाऱ्या ३८९९९ या कनेक्टर-मालिकेच्या २०, १६ आणि १२ आकारांच्या पिनांसाठी. चुकीचा टरेट लावला तर खुणा योग्य खोलीच्या पण नळीवर अयोग्य जागी पडतात. अशी पिन ओढ-चाचणीत कधीकधी पासही होते, आणि हीच खरी काळजीची गोष्ट, कारण दोष पकडण्याचे जे एक साधन कारखान्यात सहज हाताशी असते तेच तिथे गप्प राहते. टरेटच्या डोक्याला, मालिकेनुसार, दुरून ओळखू येईल असा ठळक वेगळा रंग कंपनीने द्यायला हवा होता. आमच्याकडे काहीजण त्यावर रंगाचा ठिपका देतात. हत्यार-नियंत्रणाच्या कार्यपद्धतीत त्याची नोंद असेल तर मला त्यात गैर वाटत नाही.

पिना मात्र या बाबतीत सुजाण आहेत. लष्करी मानकाच्या पिनेवर तीन रंगीत पट्टे असतात आणि रेझिस्टरच्या रंगसंकेताने, म्हणजे प्रत्येक रंगाला एक अंक धरून, ते वाचले की पिनेचा क्रमांक मिळतो. नारिंगी, निळा, नारिंगी म्हणजे ३६३, अर्थात ३८९९९ मालिकेची २० आकाराची पिन. मी तपासणीला गेलो की आधी पट्टे वाचतो, मग टरेटचा क्रमांक, मग सिलेक्टरचा अंक, आणि या तिन्हींचा मॅन्युअलच्या तक्त्याशी मेळ बसल्यावरच क्रिंपकडे पाहतो. क्रिंपमध्ये पाहायचे तेही ठरलेले आहे. नळीच्या अंगावरच्या बारीक भोकातून तार दिसली पाहिजे, म्हणजे ती तळापर्यंत पोहोचली आहे. इन्सुलेशन आणि नळीचे तोंड यांत थोडी, साधारण एक मिलिमीटरच्या आतली, फट दिसली पाहिजे. एकही स्ट्रँड बाहेर राहिलेला नसावा. हत्यार या तिन्हींपैकी एकाचीही हमी देत नाही. तार सोलताना स्ट्रँड तुटले असतील तर एएफ८ उरलेल्या स्ट्रँडवर तितक्याच निष्ठेने आठ खुणा उमटवतो. म्हणून चांगला क्रिंपर घेऊन त्याच्यासोबत साधा सोलणीचा चिमटा वापरणाऱ्यांचे मला नेहमी आश्चर्य वाटते. अर्धा खर्च वाया जातो.

ओढ-चाचणीचे आकडे माहीत असलेले बरे. चांदी किंवा कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याच्या तारेसाठी, अशा पिनांत, २० गेजला २० पौंड म्हणजे सुमारे ९ किलो, २२ गेजला १२ पौंड म्हणजे साधारण साडेपाच किलो इतकी किमान ओढ सोसावी लागते. काम सुरू करण्यापूर्वी त्याच लॉटची तार, त्याच लॉटची पिन आणि तेच हत्यार घेऊन काही नमुने करावेत, ते ओढून तोडावेत, आणि तुटलेले तुकडे वर्क ऑर्डरसोबत पिशवीत ठेवावेत, असा माझा आग्रह असतो. तार पिनेतून सरकून आली की आकडा भरला तरी मी समाधानी होत नाही. तार क्रिंपच्या बाहेर तुटावी.

हत्याराची रोजची तपासणी फार सोपी आहे, आणि तीच सर्वांत जास्त चुकवली जाते. त्यासाठी गो आणि नो-गो अशी दोन टोके असलेले गेज स्वतंत्र मिळते. सिलेक्टर ४ वर ठेवून हत्यार पूर्ण मिटायचे. हिरवे टोक इंडेंटरांच्या मधून सहज गेले पाहिजे, लाल टोक आरपार जाता कामा नये. गेज मध्ये धरून हत्यार दाबायचे नाही, हे कंपनी बजावून सांगते, कारण त्याने गेज आणि इंडेंटर दोन्ही खराब होतात. पाळीच्या सुरुवातीला या सगळ्याला एखादे मिनिट लागते. ही वापरणाऱ्याने करायची तपासणी आहे, कॅलिब्रेशन नव्हे, हे लक्षात ठेवावे. कॅलिब्रेशन ठरावीक मुदतीने, राष्ट्रीय मानकाशी नाते दाखवता येईल अशा प्रयोगशाळेतून करून घ्यावे लागते. भारतात त्यासाठी एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाची मान्यता पाहतात. हत्यारावर मुदतीचे लेबल असते आणि माझ्या मते क्रिंपच्या नोंदीत हत्याराचा अनुक्रमांक लिहिलेला असलाच पाहिजे. उद्या एखादा क्रिंपर मुदतीत नापास निघाला, तर त्याने कोणत्या विमानातले कोणते कनेक्टर दाबले होते हे त्या एका आकड्यावरून काढता येते. तो आकडा नसेल तर मग संशयाखाली येते ती संपूर्ण पाळी.

देखभालीबद्दल कंपनीच्या सूचना आपल्याकडच्या सवयीच्या अगदी उलट आहेत. हत्यार द्रावणात बुडवू नका, आत तेल फवारू नका, उघडून दुरुस्त करायला जाऊ नका; इंडेंटरच्या टोकांवर साचलेला धातूचा चुरा बारीक तारेच्या ब्रशने काढा, एवढेच. कोणतेही यंत्र कुरकुरले की त्यात तेल सोडायचे, हे आमच्या आयटीआयपासून अंगात भिनलेले असते, तेव्हा ही सूचना हत्याराच्या डब्याच्या झाकणावर मराठीत आणि हिंदीत चिकटवून ठेवावी.

हाताला हे हत्यार कसे वाटते? लहान पंजाच्या माणसाला मुठींतले अंतर जास्त वाटते, विशेषतः १२ गेजच्या जाड तारेसाठी सिलेक्टर ८ वर असताना आणि कामाची जागा आसनाच्या रुळांमध्ये असताना. कामाच्या टेबलावर हार्नेस, म्हणजे तारांचे जुडगे, बनवणाऱ्यांनी हवेच्या दाबावर चालणारी आवृत्ती घ्यावी. मोठ्या संख्येच्या कामात ती मनगट वाचवते. विमानाच्या आत मात्र हातातला एएफ८च बरा, कारण तिथे हवेची नळी ओढत नेणे हे स्वतःच एक संकट असते.

त्याच्या मर्यादाही नीट समजून घ्याव्यात, कारण ‘आमच्याकडे एएफ८ आहे’ हे उत्तर मला नको त्या प्रश्नांनाही मिळालेले आहे. २६ गेजपर्यंतची तार तो घेतो म्हणून ३८९९९ मधल्या २२डी या बारीक पिनाही त्याच्याने दाबायच्या नसतात. त्यांच्यासाठी त्याचाच धाकटा भाऊ, एएफएम८, म्हणजे एम२२५२०/२-०१ लागतो. तो २० ते ३२ गेजचा आहे आणि त्यात टरेटऐवजी प्रत्येक पिनेसाठी वेगळा पोझिशनर, म्हणजे पिन योग्य जागी धरणारा भाग, बसतो. आजच्या विमानांत डेटाच्या तारा इतक्या वाढल्या आहेत की केबिनमधल्या बदलांसाठी दोनपैकी एकच घ्यायचा झाला तर मी कदाचित एएफएम८ आधी घेईन. लाल, निळ्या, पिवळ्या आवरणाची रिंग टर्मिनले, जी ग्राउंड स्टडवर आणि टर्मिनल ब्लॉकवर बसतात, त्यांना डाय बदलता येणारा वेगळा क्रिंपर लागतो. आणि जनरेटरपासून येणाऱ्या जाड फीडर केबलींचे काम हायड्रॉलिक दाबयंत्राचे. तिथे या हत्याराचा विचारही करू नये.

स्वस्त नकलांबद्दल लिहिणे भाग आहे. ऑनलाइन बाजारात हुबेहूब दिसणारे, त्याच निळ्या रंगाचे, आठ अंकांचा सिलेक्टर असलेले क्रिंपर मूळच्या किमतीच्या छोट्या अंशात मिळतात. रेसिंगच्या गाडीचे वायरिंग, महाविद्यालयातला ड्रोन, प्रयोगशाळेतली चाचणी-केबल यांसाठी ते वापरायला माझी हरकत नाही. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या साध्या क्रिंपरपेक्षा ते नक्कीच बरे. त्यांनी केलेले काही क्रिंप कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर उत्तमही निघतील. प्रश्न क्रिंपच्या गुणवत्तेचा राहतच नाही. मॅन्युअल एम२२५२०/१-०१ मागते. त्या जागी दुसरे हत्यार वापरायचे तर ते समतुल्य असल्याचे कोणीतरी पुराव्यानिशी दाखवले पाहिजे आणि त्या पुराव्यावर कोणाची तरी सही पाहिजे. ती सही माझी असणार नाही, कारण तिच्यासाठी लागणाऱ्या चाचण्यांचा खर्च मूळ हत्याराच्या किमतीहून जास्त होतो. जुन्या, वापरलेल्या डीएमसीबद्दल माझे मत याहून सौम्य आहे. कॅलिब्रेशन नव्याने करून घेतले आणि इंडेंटरची टोके शाबूत असली तर हे हत्यार एका तंत्रज्ञाची अख्खी कारकीर्द सहज काढते. दुसऱ्या पिढीकडे गेलेले नगही मी कामात पाहिले आहेत.

नागपूरच्या मिहानमध्ये असो, मुंबईच्या जुन्या हँगरांत असो की हैदराबाद-बेंगळुरूकडे, विमान-दुरुस्तीचे काम भारतात वाढते आहे आणि पूर्वी परदेशी पाठवले जाणारे बदल इथे होऊ लागले आहेत. त्यामुळे नव्या कार्यशाळांचे खरेदी-विभाग हे हत्यार पहिल्यांदाच मागवत असतात, आणि तिथे एक गोष्ट वारंवार घडते : मागणीपत्रात फक्त ‘एएफ८, नग दोन’ असे लिहिले जाते. हत्यार टरेटशिवाय येते. मग टरेटची वेगळी मागणी जाते, तो परदेशातून यायला आठवडे लागतात, आणि तोवर विमान हँगरमध्ये उभे असल्याने कोणीतरी शेजारच्या विभागाचा ‘तसाच दिसणारा’ टरेट आणून बसवतो. वर सांगितलेली १-०२ आणि १-०४ ची गल्लत बहुतेक वेळा अशा खरेदीतून जन्माला येते, तंत्रज्ञाच्या निष्काळजीपणातून नाही.

म्हणून मागणीपत्र अभियंत्याकडून तपासून घ्यावे. ज्या बदलाचे काम करायचे आहे त्याच्या ड्रॉइंगमधल्या पिनांची यादी काढावी, तिच्यावरून लागणारे टरेट ठरवावेत, प्रत्येक टरेटसाठी शक्यतो वेगळा क्रिंपर घ्यावा म्हणजे स्क्रू खोलून टरेट बदलण्याचा प्रसंगच येत नाही, सोबत गो/नो-गो गेज आणि उत्पादकाचे अनुरूपता-प्रमाणपत्र मागवावे, त्याच यादीतल्या आकारांची पिन घालायची-काढायची साधने लिहावीत, आणि तारेच्या इन्सुलेशनच्या प्रकाराला योग्य असा सोलणीचा चिमटा त्याच पानावर धरावा. एवढे सगळे धरले तर बिल नुसत्या क्रिंपरच्या दुपटीहून पुढे जाते आणि लेखा विभाग प्रश्न विचारतो. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून अडीच वॅटचे वरचे गणित पाठवावे. माझ्या अनुभवात लेखा विभागाला ते इतर कोणत्याही नियमाच्या कलमापेक्षा लवकर पटते.